चार टक्क्यांची धास्ती

१७ ऑक्टोबर २०२२ रोजी स्वीडनच्या संसदेने उल्फ क्रिस्टरसन यांना पंतप्रधान निवडलं ते १७६ विरुद्ध १७३ मतांनी. या १७६ मतांत लिबरल पक्षाची १६ मतं होती. सरकारचा डोलारा उभा होता स्वीडन डेमोक्रॅट्स या स्थलांतरविरोधी पक्षाच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर. आणि याच पक्षाला सत्तेच्या आसपास फिरकू द्यायचं नाही म्हणून लिबरलांनी जेमतेम पावणेचार वर्षांपूर्वी, जानेवारी २०१९ मध्ये, आपली जुनी उजवी आघाडी मोडली होती आणि सोशल डेमोक्रॅट्स या समाजवादी पक्षाचं सरकार येऊ दिलं होतं.

आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. रात्रीत पक्ष बदलणारे, सकाळी शपथ घेणारे आपण भरपूर पाहिले आहेत. पण स्वीडनच्या लिबरलांकडे केवळ संधिसाधू म्हणून पाहिलं तर खरी गोष्ट हातातून निसटते. या पक्षाने त्या देशाला सार्वत्रिक मताधिकार मिळवून दिला. त्याच्या शेजारी बसणाऱ्या सेंटर पक्षाने एकेकाळी त्या देशाची लोकशाही सावरली. २०२२ च्या निवडणुकीत दोघांची मिळून मतं बारा टक्क्यांच्या आत होती, आणि दोघांनाही गेली काही वर्षं एकच प्रश्न विचारला जातो: तुम्ही कुणाबरोबर बसणार?

माझं म्हणणं असं आहे की हे दोन्ही पक्ष खचले ते मध्यममार्गाचे दिवस संपले म्हणून नाही. त्यांच्याकडे स्वतःचा असा एखादा प्रश्न होता, ज्यासाठी ते हरायलाही तयार होते, तेव्हा ते वाढले. दोन मोठ्यांच्या मध्ये उभं राहणं एवढीच ज्या काळात त्यांची ओळख उरली, त्या काळात ते आटत गेले. सव्वाशे वर्षांचा त्यांचा इतिहास वाचताना हे पुन्हा पुन्हा जाणवतं.

सुरुवात विसाव्या शतकाच्या तोंडावर झाली. १९०० साली संसदेत लिबरल गट झाला, १९०२ मध्ये देशभराची संघटना उभी राहिली. यात आलेली माणसं एका साच्यातली नव्हती. सरकारी चर्चपासून फुटून निघालेले, बायबल हातात घेऊन गावोगाव प्रार्थनासभा भरवणारे भाविक लोक एकीकडे. दारूबंदीच्या चळवळीतले कार्यकर्ते, शाळामास्तर, छोटे व्यापारी त्यांच्या जोडीला. आणि दुसरीकडे स्टॉकहोमचे वकील, पत्रकार, देवधर्माशी फारसं देणंघेणं नसलेले सुधारक. एरवी यांनी एकमेकांच्या घरी पाऊल ठेवलं नसतं. पण तेव्हाच्या स्वीडनमध्ये मत हे मिळकतीच्या हिशेबाने मिळत होतं. १९०९ च्या सुधारणेनंतरही गावपालिकेच्या निवडणुकीत श्रीमंत माणसाला चाळीसपर्यंत मतं देता येत आणि त्याच्या शेतावरच्या मजुराला कदाचित एकही नाही. हे मोडायचं, यावर या सगळ्यांचं एकमत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

कार्ल स्ताफ हा त्यांचा पहिला मोठा नेता, पेशाने वकील, स्वभावाने ताठ. १९०६ साली पंतप्रधान असताना त्याने सर्व पुरुषांना मताधिकार देणारं विधेयक आणलं. त्यात मतदारसंघ एकसदस्य होते, ज्याला जास्त मतं तो निवडून येणार. वरिष्ठ सभागृहाने ते फेटाळलं, राजाने संसद विसर्जित करायला नकार दिला आणि स्ताफने राजीनामा दिला. नंतर सनातनी गटाच्या अर्विद लिंदमनने पुरुषांचा मताधिकार मान्य केला, पण प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची अट घालून. जितकी टक्के मतं, साधारण तितक्या टक्के जागा. उद्या कष्टकऱ्यांची लाट आली तरी आपण अगदीच वाहून जाऊ नये, हा त्यामागचा हिशेब. ज्या पद्धतीला स्ताफने विरोध केला त्याच पद्धतीने पुढे त्याच्या पक्षाला शंभर वर्षं जगवलं. त्याला हवी होती तशी निवडणूक झाली असती तर आज त्या संसदेत लिबरल नावाचं बाक दिसलं असतं की नाही, मला शंका आहे.

स्ताफचा शेवट वाईट झाला. १९११ मध्ये तो पुन्हा सत्तेवर आला आणि त्याने नव्या युद्धनौकेचं काम थांबवलं. पैसा लोकांच्या कल्याणावर खर्चावा, असं त्याचं मत होतं. मग जे झालं ते आजच्या समाजमाध्यमांना लाजवील असं होतं. तो रशियाला देश विकतोय असं बोललं गेलं, त्याच्या चेहऱ्याच्या आकाराच्या राखदाण्या बाजारात विकल्या गेल्या, म्हणजे लोकांनी त्याच्या डोक्यात सिगार विझवावी. ६ फेब्रुवारी १९१४ रोजी तीस हजारांहून जास्त शेतकरी स्टॉकहोमला चालून आले. राजवाड्याच्या चौकात राजा गुस्ताफ पाचवा याने स्वतःच्याच सरकारच्या संरक्षण धोरणाविरुद्ध भाषण केलं. ते भाषण लिहायला मध्य आशिया आणि तिबेटचा प्रवासी म्हणून आपल्याकडेही परिचित असलेल्या स्वेन हेदिनचा हात होता. स्ताफपुढे दोन रस्ते होते: राजाचं म्हणणं गिळून खुर्चीवर बसणं, किंवा राज्य लोकांनी निवडलेल्या सरकारचं असतं हे सांगून निघून जाणं. तो काही दिवसांतच बाहेर पडला. १९१५ मध्ये तो वारला.

१९१७ मध्ये त्याच्याच पक्षाच्या निल्स एदेनने सोशल डेमोक्रॅट्सना बरोबर घेऊन सरकार बनवलं. हा निर्णयही सोपा नव्हता. तेव्हा समाजवाद्यांबरोबर बसणं म्हणजे अनेक लिबरल घरांत विटाळच. पण एदेनला या सोयरिकीतून काय हवं ते नेमकं ठाऊक होतं: सगळ्यांना एक मत, स्त्रियांनाही. १९१८–१९ मध्ये ते मिळालं, १९२१ च्या निवडणुकीत स्त्रियांनी पहिल्यांदा संसदेसाठी मतदान केलं आणि कारखाना-निरीक्षक राहिलेली केर्स्तिन हेसेलग्रेन वरिष्ठ सभागृहातली पहिली स्त्री झाली.

आणि लगेच पक्ष फुटला. मताधिकाराने एकत्र बांधलेली माणसं तो मिळताच मोकळी झाली. २७ ऑगस्ट १९२२ रोजी दारूबंदीवर सार्वमत झालं, ४९ विरुद्ध ५१ टक्के अशा काठावरच्या फरकाने बंदी हरली. स्त्री-पुरुषांची मतं वेगळी मोजली होती. बायकांचा कौल बंदीकडे, पुरुषांचा विरोधात. (चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बायकांना हा निकाल मुळीच परका वाटणार नाही.) पुढच्या वर्षी लिबरलांचे दोन पक्ष झाले, एक भाविक-दारूबंदीवाल्यांचा, एक शहरी.

दारूबंदीवाल्या गटाचा कार्ल गुस्ताफ एकमन मग दोनदा पंतप्रधान झाला. मध्यममार्गी राजकारण नुसत्या कौशल्यावर कसं चालतं आणि कुठे संपतं, हे पाहायचं तर एकमन पाहावा. संसदेत त्याच्यामागे मूठभर माणसं. तो आज उजव्यांच्या मदतीने एक विधेयक काढायचा, उद्या डाव्यांच्या मदतीने दुसरं. लोक त्याला तराजूवाला म्हणत. काही बरी कामं त्याने केलीही. पण एकमन नेमका कशासाठी आहे, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. १९३२ च्या मार्चमध्ये आगपेट्यांचा सम्राट इवार क्रॉयगर पॅरिसमध्ये मृत सापडला, त्याचं साम्राज्य पोकळ निघालं आणि त्याने दिलेल्या देणगीचा चेक एकमनच्या नावावर निघाला. एकमनने आधी इन्कार केला, मग ऑगस्टमध्ये पायउतार झाला.

सेंटर पक्षाची कहाणी वेगळ्या मातीतली आहे. १९१३ मध्ये तो शेतकरी संघ म्हणून जन्माला आला. लहान जमीनधारक, दुभती जनावरं, सहकारी दूधसंस्था, हे त्याचं जग. १९३३ च्या वसंतात देशात बेकारी माजली होती, लोणी-दुधाचे भाव कोसळले होते, आणि बाल्टिकच्या पलीकडे जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन काही महिने झाले होते. सोशल डेमोक्रॅट्सचे पेर अल्बिन हान्सन अल्पमतात सरकार चालवत होते. शेतकरी संघाचा म्हातारा अध्यक्ष समाजवाद्यांच्या वाऱ्यालाही उभा राहायला तयार नव्हता. अक्सेल पेरसोन या दक्षिणेकडच्या शेतकऱ्याने त्याला बाजूला सारून बोलणी केली. सौदा साधा होता. समाजवाद्यांनी शेतमालाच्या भावाला सरकारी आधार मान्य करायचा, जो त्यांच्या शहरी कामगाराचं दूध महाग करणार होता. शेतकऱ्यांनी बेकारांना सरकारी कामावर बाजारभावाने मजुरी मान्य करायची, जी त्यांच्याच शेतावरची मजुरी वाढवणार होती. विरोधकांनी याला गाईंचा सौदा म्हणून हिणवलं. दोघांनीही आपल्याच माणसांना थोडं दुखवलं, आणि ज्या वर्षी युरोपातले शेतकरी हुकूमशहांच्या मागे निघाले होते त्या वर्षी स्वीडनचा शेतकरी संसदेत राहिला.

या पक्षाचं गुणगान करताना एक गोष्ट लपवता येत नाही. त्याच १९३३ च्या जाहीरनाम्यात स्वीडिश वंशात हीन परकीय वंशांची भेसळ होऊ न देणं हे राष्ट्रीय कर्तव्य म्हणून लिहिलेलं होतं. आज स्थलांतरितांच्या बाजूने ठाम उभा राहणारा पक्ष म्हणून सेंटरची ओळख आहे, आणि त्यांच्या विरोधकांनी हे कलम त्यांच्या तोंडावर फेकलं तर तो त्यांचा हक्क आहे. पण पक्षाचे विचार बदलू शकतात, मुळापासून बदलू शकतात, याचाही तो पुरावा आहे.

१९३४ मध्ये लिबरल पुन्हा एक झाले, फोल्कपार्टी या नावाने. बर्टिल ओहलिन या अर्थशास्त्रज्ञाने १९४४ ते १९६७ इतकी वर्षं तो पक्ष चालवला. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सिद्धांतासाठी त्याला पुढे १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बाजार मोकळा ठेवा, पण आजारपण, म्हातारपण, बेकारी यांचं ओझं एकट्या माणसावर टाकू नका, ही त्याची भूमिका. १९४८ मध्ये पक्षाच्या जागा २६ वरून ५७ वर गेल्या, मतं जवळजवळ २३ टक्के. ओहलिन कधीच पंतप्रधान झाला नाही. तरी कल्याणकारी राज्य म्हणजे समाजवाद्यांची मक्तेदारी नाही, हे त्याने देशाला पटवून दिलं.

त्याच्याच कारकिर्दीत एक दिवस असा आला की जो मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटतो. १४ मे १९५९. कनिष्ठ सभागृहात सक्तीच्या पूरक निवृत्तिवेतनावर मतदान होतं. सरकारची योजना होती की प्रत्येक नोकरदाराला पगाराच्या प्रमाणात म्हातारपणी पैसे मिळावेत. यावरून १९५७ मध्ये सार्वमत झालं होतं, शेतकरी संघ सरकारमधून बाहेर पडला होता, १९५८ मध्ये मुदतपूर्व निवडणूकही झाली होती. आता सभापती सोडला तर दोन्हीकडे बरोबर ११५ माणसं. फोल्कपार्टीच्या बाकावर टूरे कोनिगसन बसला होता, गोथेनबर्गचा, कामगार वर्गातून आलेला. पक्षाचा आदेश विरोधात मत देण्याचा. कोनिगसनला योजना पूर्णपणे पटलेली नव्हती, पण ती पडली तर आपल्यासारख्या कामगारांना काहीच मिळणार नाही, हेही त्याला दिसत होतं. त्याने मत दिलं नाही. ११५ विरुद्ध ११४. योजना मंजूर झाली, आणि पक्षातल्या अनेकांनी त्याला कधी माफ केलं नाही.

पक्षशिस्तीचे पुरस्कर्ते कोनिगसनला गद्दार म्हणतील. माझ्या लेखी त्या दिवशी सभागृहातला सर्वांत खरा लिबरल तो होता, कारण त्याने समोरची बाजू कोणती हे न पाहता समोरचं काम पाहिलं. आणि हेही नोंदवायला हवं की योजनेला विरोध करणाऱ्या ओहलिनच्या पक्षाला १९५८ मध्ये मोठा फटका बसला होता.

या वादातून शेतकरी संघ मात्र नवा होऊन निघाला. त्याने नाव बदलून सेंटर केलं. खेड्यातली तरुण माणसं शहराकडे निघाली होती, शेतकरी दर वर्षी कमी होत होते. शेतकऱ्यांच्या पक्षाने आता गाशा गुंडाळावा, असं कुणालाही वाटलं असतं. घडलं उलटं. १९५६ मध्ये साडेनऊ टक्क्यांच्या आत असलेला पक्ष १९७३ मध्ये २५.१ टक्क्यांवर पोहोचला. सगळी सत्ता, सगळे कारखाने, सगळे दवाखाने राजधानीत का, हा प्रश्न त्याने विचारला. नद्या आणि हवा यांचं काय, हा दुसरा. आणि मग अणुऊर्जा. अणुकचरा आपल्या नातवंडांच्या माथी मारायचा अधिकार आपल्याला आहे का? हे प्रश्न शहरातल्या शिक्षिकेलाही स्वतःचे वाटले. माझ्या मुख्य मुद्द्याला याहून मोठा पुरावा मला देता येणार नाही.

थॉर्ब्यॉर्न फेल्दिन हा उत्तरेकडचा मेंढपाळ-शेतकरी, तोंडात पाईप, बोलणं सावकाश. १९७६ मध्ये ४४ वर्षांची समाजवाद्यांची सत्ता संपवून तो पंतप्रधान झाला, तेव्हाही स्टॉकहोममध्ये छोट्याशा घरात राहत असे. प्रचारात त्याने सांगितलं होतं की कुठल्याही मंत्रिपदासाठी अणुऊर्जेवर आपल्या विवेकाशी तडजोड करणार नाही. सत्तेवर येताच बारशेबेकच्या दुसऱ्या अणुभट्टीत इंधन भरायला परवानगी द्यावी लागली. सरकारमधले बाकीचे दोन पक्ष अणुऊर्जेच्या बाजूने होते. दोन वर्षं ओढाताण झाली आणि ऑक्टोबर १९७८ मध्ये त्याने राजीनामा दिला. १९७९ मध्ये पक्ष १८ टक्क्यांवर आला. स्वतःचा प्रश्न असलेल्या पक्षालाही सत्तेत त्या प्रश्नाची किंमत मोजावी लागते, हे फेल्दिनच्या वाट्याला आलं. तरी तो मला एकमनपेक्षा कितीतरी मोठा वाटतो, कारण त्याने कशावर हार पत्करली हे लोकांना कळलं होतं.

फेल्दिननंतर फोल्कपार्टीचा ओला उल्स्टेन पंतप्रधान झाला, बाजूने फक्त ३९ मतं पडून. विरोधात ६६, आणि २१५ जणांनी मतच दिलं नाही. स्वीडनमध्ये पंतप्रधानाला बहुमताचा पाठिंबा लागत नाही, विरोधात बहुमत नसलं की झालं. या नियमामुळे तिथे गप्प बसणाऱ्यालाही मोठी ताकद येते. मधल्या पक्षांना या ताकदीची चटक लागली, असं मला वाटतं.

बेंग्त वेस्टरबेरीने फोल्कपार्टीला पुन्हा उभं केलं. १९८२ मधले ५.९ टक्के १९८५ मध्ये १४.२ झाले. सौम्य, अभ्यासू, आकडे तोंडपाठ असलेला माणूस. १९९१ च्या निवडणुकीच्या रात्री टीव्हीच्या स्टुडिओत नव्याने निवडून आलेल्या, परकीयांविरुद्ध बोलणाऱ्या पक्षाचे नेते सोफ्यावर येऊन बसले तेव्हा तो उठून निघून गेला. हेच दृश्य सगळ्यांच्या लक्षात राहिलं. मला त्याचं मोठेपण त्यानंतरच्या तीन वर्षांत दिसतं. समाजकल्याण मंत्री म्हणून त्याने १९९४ चा अपंगांसाठीचा कायदा आणला, ज्यामुळे गंभीर अपंगत्व असलेल्या माणसाला स्वतःचा मदतनीस हक्काने मिळाला आणि संस्थेत न राहता स्वतःच्या घरात राहता येऊ लागलं. बापासाठी राखून ठेवलेला बालसंगोपन रजेचा महिनाही त्याचाच. सोफ्यावरून उठणं सोपं होतं. हे काम कठीण होतं.

१९९८ मध्ये पक्ष ४.७ टक्क्यांवर घसरला. संसदेत यायला चार टक्के लागतात. २००२ मध्ये पक्षाचे नेते लार्स लेयोनबोरी यांनी नागरिकत्वासाठी भाषेच्या परीक्षेची मागणी केली आणि मतं १३.४ टक्क्यांवर उडाली. देशाची भाषा यावी ही मागणी वाईट नव्हती, हे मी मान्य करतो. पण पक्षाने त्यातून जो धडा घेतला तो घातक होता: अडचणीत आलं की स्थलांतरितांवर कडक बोला. त्या रस्त्यावर त्यांच्याहून कडक बोलणारे आधीच निघाले होते, आणि २०१० मध्ये ते ५.७ टक्के घेऊन संसदेत आले. सेंटरनेही २००९ मध्ये उजव्या आघाडीत राहण्यासाठी नव्या अणुभट्ट्यांना होकार दिला. फेल्दिनचा प्रश्न पक्षाने सोडून दिला.

मग उरली ती चार टक्क्यांची धास्ती. स्वीडनमध्ये 'कॉम्रेड चार टक्के' असं बोललं जातं; मोठ्या पक्षाचा मतदार, आपल्या बाजूचा छोटा पक्ष बुडू नये म्हणून त्याला मत देतो. पूर्वी हे समाजवादी मतदार कम्युनिस्टांसाठी करत, आता उजवे मतदार लिबरलांसाठी करतात. उधारीच्या मतांवर जगणाऱ्या पक्षाला सावकार विचारणारच, तू कुणाच्या बाजूने? २०२२ मध्ये लिबरलांनी ४.६ टक्के मिळवले आणि त्यानंतर स्वीडन डेमोक्रॅट्सच्या पाठिंब्यावर सरकार बनवण्याच्या, वेस्तेरोसजवळच्या तीदो किल्ल्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या करारावर सही केली.

सेंटरने उलटी वाट धरली, पण ती मला फारशी वेगळी वाटत नाही. अध्यक्ष आनी लोव यांच्या काळात पक्षाने म्हटलं, आम्ही ना स्वीडन डेमोक्रॅट्सबरोबर, ना डाव्या पक्षाबरोबर (म्हणजे पूर्वीच्या कम्युनिस्टांबरोबर). ऐकायला बाणेदार. २४ नोव्हेंबर २०२१ ला त्याचं काय झालं पाहा. सकाळी सेंटरने सोशल डेमोक्रॅट्सच्या मग्दालेना आंदरसन यांना देशाची पहिली स्त्री पंतप्रधान होऊ दिलं. त्याच दिवशी त्यांच्या अर्थसंकल्पाला पाठिंबा दिला नाही, कारण सरकारने डाव्या पक्षाशी बोलणी केली होती. परिणामी विरोधकांचा अर्थसंकल्प मंजूर झाला, जो स्वीडन डेमोक्रॅट्सनी इतरांबरोबर बसून लिहिलेला होता. काही तासांत आंदरसन यांनी राजीनामा दिला आणि पाच दिवसांनी त्या पुन्हा निवडून आल्या. ज्यांना दूर ठेवायचं म्हणून एवढा खटाटोप, त्यांच्याच हातचा अर्थसंकल्प देशावर आला.

यावर कुणी म्हणेल, स्वीडन डेमोक्रॅट्सना २०२२ मध्ये २०.५ टक्के मतं मिळाली, त्यांना वगळून किती दिवस सरकार बनवणार? प्रश्न रास्त आहे. एदेनही समाजवाद्यांबरोबर बसला, पेरसोनही. म्हणून कुणाबरोबर बसणं हेच पाप, असं मी म्हणत नाही. पण एदेनने मताधिकार आणला आणि पेरसोनने शेतकऱ्याला जगवणारा भाव. तीदोच्या करारातून लिबरलांनी पदरात काय पाडून घेतलं, असं विचारलं तर त्यांचा मतदारही क्षणभर अडखळतो. शाळा हा त्यांचा हक्काचा विषय होता. त्यांचे नेते यान ब्योर्कलुंद सात वर्षं शिक्षणमंत्री होते, आणि त्याच काळात स्वीडनच्या मुलांचे आंतरराष्ट्रीय चाचण्यांतले गुण घसरले. त्या अपयशाला सामोरं जाऊन पक्षाने तो विषय पुन्हा स्वतःचा करायला हवा होता.

मध्ये उभं राहणाऱ्याला दोन्हीकडून दगड पडतात, हेही खरं. जुलै २०२२ मध्ये विस्बीतल्या राजकीय मेळाव्यात एका स्त्रीचा खून करणाऱ्या माणसाने आनी लोव यांना मारायची तयारी केली होती. २०२५ च्या वसंतात सेंटरच्या अध्यक्ष झालेल्या आना-कारिन हात ऑक्टोबरमध्येच द्वेष आणि धमक्यांचं कारण देऊन पद सोडत असल्याचं सांगून मोकळ्या झाल्या. स्ताफच्या चेहऱ्याच्या राखदाण्या विकणारा समाज अजून कुठेतरी शिल्लक आहे, आणि त्याची किंमत सगळ्यांत आधी सौम्य माणसं मोजतात.

दोन्ही पक्ष एक करा, हा सल्ला अधूनमधून दिला जातो. १९७० च्या दशकातही ती चर्चा झाली होती, ती सेंटरमध्ये अडली. बेरजेने चार टक्क्यांची भीती जाईल, यात वाद नाही. पण आज उत्तर स्वीडनमध्ये बाळंतपणासाठी बाईला शंभर किलोमीटरहून लांब गाडीतून जावं लागतं, आणि बेरीज केल्याने तिथला बंद पडलेला प्रसूतिविभाग उघडणार नाही. सोलेफ्तेओचा तो विभाग २०१७ मध्ये बंद झाला तेव्हा गावातल्या लोकांनी दवाखान्यातच महिनोन्‌महिने ठिय्या दिला. तो फेल्दिनचाच भाग. सत्ता आणि दवाखाने राजधानीत का, असं विचारत जो पक्ष २५ टक्क्यांवर गेला होता, त्याने सोलेफ्तेओतून पुन्हा सुरुवात करावी, आणि पुढची निवडणूक त्यासाठी हरावी लागली तर हरावी.